आमेन झाला का

आमच्या चर्चमध्ये रविवारी साठ-पासष्ट माणसं आमेन म्हणायची आणि एक माणूस म्हणायचा नाही.

शेवटच्या बाकावर, दाराला लागून मिस्त्री बसायचे. प्रार्थना संपली की सगळी मंडळी एका दमात आमेन म्हणायची, पोरं तर मुद्दाम ओरडून. आणि हे गृहस्थ ओठ मिटून समोर बघत राहायचे. झोपलेत म्हणावं तर डोळे टक्क उघडे. रागावलेत म्हणावं तर चेहऱ्यावर रागाचा मागमूस नाही. गुडघे टेकायचे, गीतं म्हणायचे, तीही इतकी बेसूर आणि इतकी मनापासून की पेटीवाला बिचारा त्यांच्यामागं सूर शोधत फिरायचा. फक्त तो एक शब्द नाही म्हणजे नाही. मी तेव्हा नुकताच पाळक झालो होतो. मूळचा नगरकडचा, नेमणूक थेट गोंडपिपरीच्या बाजूला, जंगलाच्या तोंडाशी; वय अठ्ठावीस, शिक्षण ताजं आणि राग नाकावर. मला वाटलं, हा माणूस माझीच परीक्षा घेतोय.

मिस्त्री हापसी दुरुस्त करायचे. इकडं हातपंपाला हापसी म्हणतात. नोकरीचा सगळा काळ त्यांनी सरकारी दुरुस्ती पथकात काढला, निवृत्त झाले, हार-नारळ घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या मोपेडला नट खोलायचे पाने बांधून पुन्हा निघाले. कुणी सांगितलं नव्हतं. निवृत्त म्हणजे काय ते बाबांना कळलंच नाही, असं त्यांची मुलगी म्हणायची. वैनगंगेच्या अलीकडची आणि पलीकडची, मिळून तीस-पस्तीस गावं त्यांच्या डोक्यात होती. कुठल्या हापसीची साखळी घासलीय, कुणाचा दांडा हलतोय, हे त्यांना स्वतःच्या गुडघ्याच्या दुखण्यासारखं ठाऊक असायचं.

पानाच्या जुन्या डब्यात ते चामड्याचे वाशर ठेवायचे, जवसाच्या तेलात बुडवून. डबा शर्टाच्या खिशात. त्यामुळं त्यांच्या प्रत्येक शर्टावर छातीशी तेलाचा एक गोल डाग असायचा आणि चर्चच्या शेवटच्या बाकाला जवसाचा वास यायचा. हापसीशी ते बाईमाणसाशी बोलावं तसं बोलायचे. काऊन वो माय, रुसली काऊन, म्हणत तिच्या टोपणावर हात फिरवायचे. पाणी आलं की पहिला पेला गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं प्यायचा, मग बाकीच्यांनी, आणि सगळ्यात शेवटी मिस्त्री स्वतः एक घोट घ्यायचे. तो घोट ते तोंडात घोळवायचे आणि कुठंतरी आत जमा करून ठेवायचे. कारण नंतर कधीही, कुठंही, एका घोटावरून ते गाव सांगायचे.

एका नाताळाच्या जेवणात बायकांनी त्यांची गंमत करायची ठरवली. चार गावचं पाणी चार पेल्यांत आणून ठेवलं. मिस्त्रींनी तीन गावं फटाफट सांगितली. चौथ्याला थांबले. पुन्हा एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "दोन गावाचं लगन लावून देल्लं वो तुमी याच्यात." बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या, कारण खरंच दोन ठिकाणचं पाणी मिसळलं होतं.

आता आमेनची गोष्ट. मी इथं येऊन तीन-चार महिने झाले असतील. आष्टीच्या बसथांब्यावर उभा होतो. शेजारी मोहफुलांची टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती, नदीपलीकडच्या जंगलातल्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची. त्या टोल्यावर सगळी गोंड घरं, त्यांचे देव त्यांचे, ख्रिस्ती एकही नाही. मी मिस्त्रींच्या गावाहून आलोय एवढं कळल्यावर ती सावरून बसली आणि अगदी काळजीनं मला म्हणाली, "आमच्या हापसीचा आमेन कवा होते जी?"

मी चकितच. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण नाही, बाई अगदी व्यवस्थित विचारत होती. मागल्या आठवड्यात शेजारच्या गावच्या हापसीचा आमेन झाला, त्यांच्या टोल्यावरचीचा राहिलाय. हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. पाणी धो-धो आलं, म्हातारी प्याली, सगळे प्याले, की मिस्त्री टोपी काढून एकदाच खणखणीत आमेन म्हणायचे. वर्षानुवर्षं हेच बघून त्या गावांनी समजूत करून घेतली होती की आमेन हा हापसीच्या कामातलाच शब्द आहे. दांडा बसवला, साखळी जोडली, आमेन झाला. म्हणजे काम फत्ते.

मला हसू यायला हवं होतं. पण मला राग आला. देवाच्या घरात जो शब्द तोंडातून फुटत नाही, तो हा माणूस नट-बोल्टाला वाहतो! मी ही गोष्ट आमच्या गुरुजींना सांगितली, आणि तिथंच घोळ झाला.

गुरुजी म्हणजे आमच्या मंडळीच्या कमिटीचे ज्येष्ठ. निवृत्त मुख्याध्यापक, सत्तरीचे, इस्त्रीची पँट, खिशाला दोन पेनं. माणूस वाईट मुळीच नव्हता. चर्चचं छप्पर त्यांनी स्वतः उभं राहून घालून घेतलं होतं. पण नियम म्हणजे नियम. मिस्त्रींबद्दल त्यांच्या मनात आधीच दोन-तीन गोष्टी साचल्या होत्या. मिस्त्री रविवारी काम करतात. उपदेश चालू असताना फोन वाजला की उठून जातात. टोल्यावर हापसी उघडण्याआधी तिथला पुजारी हळद-तांदूळ वाहतो, तेव्हा हे टोपी काढून उभे राहतात. याबद्दल एकदा विचारलं तर मिस्त्री म्हणाले होते, "त्याइचं घर हाये जी ते. दुसऱ्याच्या घरी गेलो का चप्पल काढतो ना आपन." गुरुजींना ते पटलं नव्हतं. त्यात मी आमेनची भर घातली.

"त्यांना वाटतं, हापसीच्या दांड्याला धरून स्वर्गात चढता येईल," गुरुजी म्हणाले.

हे वाक्य मला फार आवडलं, काय सांगू! मी लागोपाठ तीन रविवार त्यावर उपदेश केला. तारण, म्हणजे मुक्ती, विश्वासानं मिळतं, कामानं नाही. देवाची कृपा हे दान आहे, मजुरी नाही. कितीही घाम गाळा, ती कमावता येत नाही. बोलताना माझी नजर सारखी शेवटच्या बाकाकडं जायची. मिस्त्री मन लावून ऐकायचे. तिसऱ्या रविवारी दारात हात मिळवताना ते म्हणाले, "मजुरी नाई. लय बरोबर सांगतलं साहेब." आणि मोपेडला किक मारून कुठल्याशा गावी साखळी बसवायला निघून गेले.

शेवटी कमिटीनं ठरवलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. पुढच्या भोजनाआधी मिस्त्रींनी सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या विश्वासाची साक्ष द्यावी आणि आमेन म्हणावं. नाही दिली, तर भाकर आणि प्याला त्यांना मिळणार नाही. हे त्यांना सांगायचं काम माझ्याकडं आलं.

ही शिक्षा किती मोठी आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं, खोटं कशाला बोलू? मिस्त्री उपदेश अर्धा टाकून जात, गीत अर्धं टाकून जात, पण पहिल्या रविवारचं भोजन त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. एकदा तर सिरोंच्याच्या बाजूनं सगळा रस्ता मोपेडवर तुडवत, धुळीनं पांढरे होऊन ते ऐन वेळेला दारात उभे राहिले होते. भाकरीचा तुकडा ते आपल्या जाडजूड, काळ्या पडलेल्या हातांच्या ओंजळीत घ्यायचे. बायको गेल्यापासून घरात एकटा माणूस. आपलं म्हणावं असं जेवण त्यांना महिन्यातून एकदाच मिळत होतं. मी निरोप सांगितला तेव्हा ते बराच वेळ डब्यातले वाशर उलटेपालटे करत बसले आणि म्हणाले, "बोलाचं मले जमत नाई साहेब. पन येतो."

आणि आले. मे महिना, पहिला रविवार. पांढरा शर्ट, खिशाशी तेलाचा डाग नाही, म्हणजे डबा घरी ठेवला होता. मी त्यांना पुढं बोलावलं. ते उठले, दोन बाकं पुढं आले, आणि फोन वाजला. सगळं चर्च त्यांच्याकडं बघतंय. त्यांनी फोन कानाला लावला, ऐकलं, माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, मी ती ओळखलीही. मग ते म्हणाले, पल्याडच्या टोल्यावर दोन दिवसांपासून पाणी नाही, मी जातो. आणि गेले.

कमिटीनं तिथल्या तिथं निर्णय पक्का केला. माझं डोकं इतकं तापलं होतं की जेवणसुद्धा न करता मी मोटारसायकल काढली. म्हटलं, हे आजच आणि तोंडावर सांगायचं. वैनगंगेचा पूल ओलांडून, आष्टीच्या पुढं, सागाच्या जंगलातून आत शिरलो. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. टोल्यावर पोचलो तर हापसीभोवती सगळं गाव. पाइप वर काढून, नवा वाशर घालून, पुन्हा आत सोडून झाले होते. मिस्त्रींनी मान वर न करता पायांवरून मला ओळखलं.

"बरं झालं आले," ते म्हणाले. "मानसं थकले. हापसा जरासे."

मी कशासाठी आलोय ते सांगायला तोंड उघडलं, पण समोर बायका रिकामे गुंड, म्हणजे हंडे, घेऊन उभ्या. काय करणार? दांडा धरला. दहा, वीस, तीस. नुसता कोरडा खडखडाट. पन्नासाला माझा घाम डोळ्यांत उतरला. मी थांबून म्हटलं, काहीतरी चुकलंय, पाणी येत नाही. मिस्त्री म्हणाले, पाइप रिकामा आहे, पाणी खालून एकेक वीत चढतंय, तुम्ही थांबलात की तेही थांबतं. या हापसीला माझ्या हातानं ऐंशी डाव लागतात, तुमच्या हातानं जास्त लागतील. मी पुन्हा सुरू झालो. आणि बहुतेक मी थांबू नये म्हणूनच, त्यांनी मला ती गोष्ट सांगितली.

तीस वर्षांमागची. हीच हापसी, तेव्हा नवी कोरी. नाताळाचा आदला दिवस आणि मिस्त्रींना घरी जायची घाई. दांडा बसवला, वीस-पंचवीस डाव हापसलं, पाणी आलं नाही. तेव्हा ते फार प्रार्थना करणारे होते, चर्चमध्ये सगळ्यात मोठं आमेन त्यांचंच. त्यांनी तिथंच हात जोडले, मोठ्यानं प्रार्थना केली, आमेन म्हणाले, आणि लोकांना सांगितलं की हापसत राहा, पाणी येतं. आणि गेले. नाताळ झाला, पाहुणे झाले, नवीन वर्षाची भक्ती झाली. आठव्या दिवशी दुसऱ्या कामानं या रस्त्यानं जात होते, म्हणून सहज वळले.

"तं हापसून राह्यले होते जी," मिस्त्री म्हणाले.

आठ दिवस. घराघरानं पाळ्या लावून. पिण्याचं पाणी लांबच्या नाल्यावरून आणायचे आणि परत येऊन हापसीला उभे राहायचे, कारण मिस्त्री सांगून गेला होता. एका बाईच्या तळहातांची सालं निघाली होती, तिनं फडकं बांधलं होतं. ती रागावली नाही. तिनं विचारलं, "मिस्त्री, आमचंच काही चुकलं काय?"

मिस्त्रींनी सगळे पाइप वर काढले. वाशर पेल्यासारखा असतो, त्याचं तोंड वर हवं. घाईत त्यांनी तो पालथा बसवला होता. आठ दिवस काय, आठ वर्षं हापसलं असतं तरी थेंब आला नसता.

"भरोसा त्याइचा पक्का होता साहेब," मिस्त्री म्हणाले. "माहाच वाशर उलटा होता. तवापासून पानी दिसल्याबिगर तो शब्द तोंडातून काढाची हिंमत होत नाई. आमेन म्हनलं का लोकं हापसत रायतेत जी."

माझे हात दांड्यावर चालतच होते. आणि तेवढ्यात दांडा जड झाला. नळाच्या तोंडाशी गुरगुर झाली, आधी गंजाचं तांबडं पाणी, मग पांढरंशुभ्र. पोरं येर, येर करत नाचायला लागली. येर म्हणजे त्यांच्या भाषेत पाणी. मला बसथांब्यावर भेटलेली तीच म्हातारी पुढं आली आणि पहिला पेला प्याली. फडकं बांधलेली बाई तीच, हे तिनं तळहात पुढं करून मला हसत हसत दाखवलं. सगळे प्याले, शेवटी मिस्त्री प्याले, त्यांनी टोपी काढली आणि आमेन म्हणाले. त्याबरोबर सगळं गाव आमेन म्हणालं. म्हातारे, बाया, पोरं, हळद-तांदूळ वाहणारा पुजारीसुद्धा. इतकं मोठं आमेन मी कुठल्याच चर्चमध्ये ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि ते घामाचं नव्हतं.

एवढं झाल्यावर मी काय करायला हवं होतं, ते लहान पोरालाही कळेल. पण मी निरोप घेऊन आलो होतो आणि निरोप सांगितला. साक्ष देईपर्यंत भोजन नाही. ते हात धूत होते, धूतच राहिले. मी म्हटलं, मिस्त्री, आत्ता सांगितलंत तेच रविवारी सांगा, सगळे ऐकतील. त्यांनी मान हलवली.

"ते साक्ष नाई, ते चूक हाये माही. मंडळीत सांगतलं तं टाळ्या वाजवतीन. तुमी बी कोनाले सांगू नका."

मग मी गुरुजींचं म्हणणं त्यांच्यापुढं ठेवलं. विचारलं, तुम्हाला खरंच वाटतं का की हे करून देवाकडं काही जमा होतं? त्यांना हसू आलं.

"कमवाले नाई जात जी मी. त्यानं आधीच देल्लं. आता देल्ल्यावर घरी बसून राहू काय?"

आणि पाने बांधताना, पाठमोरे असताना त्यांनी विचारलं, "चर्चात बसाले तं मनाई नाई ना?" मी म्हटलं, नाही, मनाई नाही. आजही ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

दहा महिने ते तसे बसले. पहिला रविवार आला की सगळी मंडळी उठून पुढं जायची आणि मिस्त्री शेवटच्या बाकावर एकटे, हात मांडीवर ठेवून. भोजनानंतरचे पेले धुवायला चर्चमागच्या पिंपात पाणी लागायचं, ते सकाळी येऊन त्यांनीच भरून ठेवलेलं असायचं. मी कमिटीपुढं दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा गुरुजींनी विचारलं, साक्ष दिली का? मी गप्प बसलो. गोष्ट सांगायची नव्हती हे खरं, पण त्यांच्या बाजूनं उभं राहायला गोष्टीची काय गरज होती? मी भ्यालो, एवढंच. नवा पाळक होतो, बदली होईल, वर तक्रार जाईल, असले हिशेब केले. विश्वासावर तीन उपदेश देणारा मी.

मार्चमध्ये मिस्त्री आजारी पडले. छातीत पाणी झालं. मोठ्या दवाखान्यात नेलं, दोनदा पाणी काढलं, आणि तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी भेटायला गेलो तर मलाच हसवत होते. "जनमभर मी पानी काढलं, आता डॉक्टर माह्यातून काढून राह्यला," म्हणाले. मुलगी माजरीहून येऊन राहिली होती. जावई तिकडं कोळसा खाणीत होता. एका सकाळी तिचा फोन आला. "साहेब, बाबा भोजन मागून राह्यले."

या वेळी मी कुणाला विचारलं नाही. भाकर घेतली, प्याला घेतला आणि निघालो. वाटेत गुरुजी भेटले. कुठं म्हणून विचारलं, मी सांगितलं, आणि पहिल्यांदाच आवाज चढवून सांगितलं.  ते माझ्या गाडीमागून चालत आले आणि दारातच उभे राहिले, आत येईनात.

मिस्त्री उशांना टेकून बसले होते. श्वास घेताना खांदे उचलत होते. मी स्टुलावर भाकर आणि प्याला ठेवला आणि प्रार्थना केली. शेवटाला आलो आणि थांबलो. त्यांचे ओठ मिटलेले. मीही आमेन म्हणालो नाही. मग त्यांनी कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं पाने होते आणि पानाचा डबा.

पल्याडच्या टोल्याची हापसी सहा दिवस बंद होती. पाइप उपसायला तिथली माणसं समर्थ होती, वर्षानुवर्षं त्यांनी तेच केलं होतं. पण वाशर मात्र त्या नाताळानंतर मिस्त्रींनी कुणाला बसवू दिला नव्हता. मी म्हटलं, त्यांच्यातलाच कुणीतरी बसवेल, मी आत्ता फोन करतो.

"वाशर तुमी बसवा," मिस्त्री म्हणाले. एकेका शब्दाला थांबत होते. "रोज आमेन तुमी म्हनता ना. भाकर झाकून ठेवा. तुमी येतवर थांबतो मी."

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. थांबतील का, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. मी भाकरीवर फडकं टाकलं, डबा खिशात घातला, पाने उचलले आणि बाहेर आलो. गुरुजी गाडीजवळ उभे होते, त्यांनी माझ्या हातातले पाने घेतले. म्हणाले, मागं बसतो. पुलावर पोचल्यावर मी मिस्त्रींचा शब्द मोडला आणि त्यांना आठ दिवसांची ती गोष्ट सांगितली.  

टोल्यावर आमचीच वाट बघत होते. पाइप वर आले, शेवटचा भाग मांडीवर घेऊन मी जमिनीवर बसलो. जुना वाशर फाटला होता. नवा डब्यातून काढला, तेलकट, मऊ; डबा गुरुजींनी आपल्या शर्टाच्या खिशात ठेवला. तोंड वर. मी घातला, पुन्हा काढून बघितला, पुन्हा घातला. गुरुजींना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून, मुलांची वही तपासावी तसा तो तपासला आणि मान डोलावली. सगळं परत आत सोडलं, साखळी जोडली, आणि मी दांडा धरला.

गुरुजी मोजत होते, शाळेत पाढे म्हणवून घ्यावेत तसे, मोठ्यानं. ऐंशी झाले. पाणी नाही. नव्वद. शंभर.  मनात एकच, वाशर पालथा बसला, आता पुन्हा सगळं उपसायचं, आणि तिकडं तो माणूस झाकलेल्या भाकरीकडं बघत श्वास मोजतोय. मी थांबलो. तेव्हा ती म्हातारी माझ्याजवळ आली. तिला कसलीच शंका नव्हती.

"हापस बाबा," ती म्हणाली. "मिस्त्रीनं धाडलं ना तुले."

देवा रे, त्या वाक्यानं माझी काय अवस्था झाली! तिचा भरोसा पक्का होता. आता प्रश्न फक्त माझ्या वाशरचा होता. मी पुन्हा दांडा धरला, आणि दुसऱ्या बाजूनं गुरुजींनी धरला, मोजणं सोडून. किती डाव झाले देव जाणे. दांडा जड झाला. आधी तांबडं, मग पांढरं.

म्हातारी प्याली. सगळे प्याले. मग गाव आमच्याकडं बघत उभं राहिलं, आमेनसाठी. मी म्हटलं, आज मिस्त्री तिकडूनच म्हणणार आहेत. मी बाटली भरली आणि गाडीला किक मारली.

परत यायला दुपार कलली. मुलगी दारात होती. तिच्या चेहऱ्याकडं बघायची माझी छाती झाली नाही. आत गेलो. मिस्त्री होते. डोळे मिटलेले, खांदे अजून हलत होते. मी पेल्यात थोडं पाणी ओतलं आणि त्यांच्या ओठांना लावलं. मुद्दाम काही बोललो नाही. त्यांनी घोट घेतला, नेहमीसारखा तोंडात घोळवला, गिळायला फार वेळ लागला.

"पल्याडच्या टोल्याचं," ते म्हणाले. मग डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. "म्हातारीनं पेलं पहिले?"

"प्याली," मी म्हटलं. "सगळे प्याले."

मिस्त्रींनी टोपी काढायला हात वर नेला. डोक्यावर टोपी नव्हतीच, पण हात सवयीनं गेला. आणि सकाळपासून अर्धी राहिलेली माझी प्रार्थना त्यांनी पुरी केली.

"आमेन."

माझ्या मागून, अगदी जवळून, आणखी एक आमेन ऐकू आलं. गुरुजी आत आले होते. त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर खिशाशी तेलाचा डाग पडला होता. ते स्टुलाशी वाकले आणि भाकरीवरचं फडकं त्यांनीच काढलं.